लेकीच्या घरचं जेवण

रविवार उजाडला की पद्मजाला नकोसं व्हायचं. मुलुंडच्या त्या दोन खोल्या आणि ओटीच्या बिऱ्हाडात सात वर्षं दर रविवारी माणसं येत होती, आणि जाताना आपली घाण तेवढी तिच्यासाठी ठेवून जात होती. तक्क्यांच्या अभ्र्यांवर डोक्याच्या तेलाचे डाग, खिडकीच्या गजांना पुसलेला चुना, बशीतल्या चहात विझवलेल्या सिगारेटी. शी! ती भिजून फुगलेली सिगारेट बोटाला लागली की पद्मजाची अन्नावरची वासनाच उडायची.

पण तिच्या नवऱ्याचं, विद्याधरचं, नाव मात्र सगळीकडे झालं होतं. फोर्टातल्या एका कचेरीत तो कारकून. गिरगाव-दादरच्या चाळींत कोंडलेली त्याची मित्रमंडळी ‘मुलुंडची हवा खायला’ म्हणून सकाळी नवाच्या ठोक्याला हजर व्हायची. दार सताड उघडं. निरोप नको, आमंत्रण नको. “या हो, घर आपलंच समजा,” हे विद्याधरचं ठरलेलं वाक्य. पाय पसरा, लोळा, पत्ते कुटा, भूक लागली की आतल्या बाजूला मान वळवून “वहिनी” म्हणा, बस. असा दिलदार यजमान शोधून सापडायचा नाही, असं जो तो म्हणायचा. त्या दिलदारीपायी वहिनी दुपारी चारला, उभ्याउभ्या, उरलंसुरलं गिळत असे, ते कुणी बघायला येत नव्हतं.

या घरात पाण्याच्या थेंबालाही शिवलं नव्हतं असं माणूस एकच, पद्मजाची आई. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, असा त्यांच्याकडे रिवाज होता. आणि लग्नाला सात वर्षं होऊनही पद्मजाच्या घरी पाळणा हलला नव्हता. आई दापोलीकडची. डोळे दाखवायला मुंबईला आली होती आणि ठाण्याला भाच्याकडे उतरली होती. तिथून दोनदा मुलुंडला आली, दोन्ही वेळा कोरड्या तोंडाने बसून परत गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. मंगळवारच्या बोटीने ती गावी जायची होती. पुन्हा एवढा प्रवास तिच्याच्याने व्हायचा नाही, हे दोघींनाही कळत होतं.

म्हणून पद्मजाने मनाशी घट्ट ठरवलं. या रविवारी आईला आपल्या हातचं जेवायला घालायचंच, मग पाया पडावं लागलं तरी चालेल. शुक्रवारीच तिने वाल भिजत घातले. मोड आल्यावर एकेक दाणा सोलला. डाळिंब्यांची उसळ म्हणजे आईचा जीव की प्राण.

“अहो, ह्या रविवारी आई यायचीय, बैठक नको,” तिने नवऱ्याला सांगून पाहिलं.

“अगं, माणिकराव यायचेत. आमचे हेडक्लार्क. पहिल्यांदाच येतायत, त्यांना काय नको म्हणू? आणि आईंचं काय, त्या आपल्यातल्याच.”

आपल्यातल्या! आपल्यातल्या माणसाला या घरात कुठे बसवायचं, हे त्याने सांगितलं नाही.

रविवारी आई दहाला आली तेव्हा ओटीवर आठ जण लोळत होते. ती भिंतीच्या कडेकडेने आत गेली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसली. पांढरं, विटलेलं नऊवारी लुगडं, खांद्याजवळ ठिगळ, मोकळं कपाळ. थोडा वेळ तिने लेकीची चाललेली तारांबळ कानांनीच ऐकली. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला, आता जेवणाची घाई. मग ती पदर खोचून उठली आणि चाचपत विळीवर नारळ खवायला बसली.

“आई, तू कशाला?”

“खायचं नाही असं आहे. हात लावायचा नाही असं कुणी सांगितलंय?”

बाराच्या सुमाराला माणिकराव हात धुवायला म्हणून आत आले. अंगाने आडवे, ओठांच्या कोपऱ्यांतून तंबाखूचा रस. त्यांच्या हातात काठोकाठ भरलेली पिकदाणी होती. समोर ही पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी.

“ओ बाई, एवढी रिकामी करून आणा,” म्हणत त्यांनी पिकदाणी तिच्या हातात दिली आणि मागे आलेल्या विद्याधरकडे वळले. “स्वयंपाकीणबाई ठेवलीस होय रे? छान केलंस. वहिनी बिचाऱ्या एकट्या किती मरणार!”

पद्मजा पुरी तळत होती. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ‘या माझ्या सासूबाई,’ एवढे तीन शब्द हवे होते. विद्याधरने सासूच्या खांद्यावरचं ठिगळ पाहिलं, साहेबाचं तोंड पाहिलं, आणि तो हसला.

“हो, म्हणजे... आहेत मदतीला,” तो म्हणाला.

आईने ऐकलं. डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. पिकदाणी दोन्ही हातांत धरून, कोपराने भिंत चाचपत ती मागच्या दाराने बाहेर गेली. उंबरठ्याला पाय अडला, आणि ती लाल घाण तिच्या मनगटावर आणि लुगड्यावर सांडली.

पद्मजाने झारा टाकला आणि ती ओटीकडे निघाली. एकेकाला हाताला धरून बाहेर काढणार होती ती. पण परत आलेल्या आईने ओल्या हाताने तिचं मनगट पकडलं.

“गप. बाहेर चार माणसं आहेत. जावईबापूंची शोभा करू नकोस.”

आणि पद्मजा गप्प बसली. नुसती गप्प बसली नाही, तिने त्या सगळ्यांना जेवायला वाढलं, आग्रह करकरून वाढलं. पुढे कितीतरी वर्षं ते आठवलं की तिला स्वतःचीच किळस यायची. माणिकराव बोटं चाटत होते. “बाईंच्या हाताला चव आहे हो, आणा अजून थोडी उसळ,” असं म्हणत होते, आणि विद्याधर आत बघून खूण करत होता.

चारला ओटी रिकामी झाली. विद्याधर आत आला.

“अगं, त्या वेळी काय बोलणार होतो मी? माणिकरावांसमोर कसं दिसलं असतं? आईंनी मनावर घेतलं नाही ना?”

विड्याने त्याचे दात लाल झाले होते. पद्मजाने त्या दातांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती परक्यांच्या उष्ट्याला नाक मुरडत आली होती. ज्याच्या शेजारी रोज निजत होती तो माणूस तिने आज पाहिला.

तेवढ्यात आई मागच्या दारी हातपाय धुऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

“पद्मे, मला पान वाढ.”

पद्मजाला वाटलं, आपले कान वाजले.

“तू जेवणार? इथे?”

“वाढ ना. भूक लागलीय.”

“आणि रिवाज?”

“लेकीच्या घरचं खायचं नाही, हा रिवाज. मी आज कामाला होते ना इथे? जावईबापूंनीच सांगितलं चारचौघांत. कामाच्या बाईने जेवायला काही आडकाठी नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने ते खरोखरच तसं जुळवलं होतं. “असं तरी तुझ्या हातचं पोटात जाईल. परत मी कुठली येतेय.”

विद्याधर दारातच उभा होता. “आई, असं काय बोलता,” एवढं तो पुटपुटला. आईने पदर पुढे ओढला आणि त्याला म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा, जावईबापू. दमला असाल.” तो बाहेर जाऊन बसला.

पद्मजाने पाट मांडला. भात वाढला, आमसुलाचं सार वाढलं, पातेल्याच्या कडा खरवडून चमचाभर उसळ निघाली ती वाढली. आई सावकाश, एकेक घास चावून जेवत होती. सात वर्षं जे बघायचं म्हणून पद्मजा झुरली ते समोर घडत होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं.

आईने बोटांनी पान चाचपलं.

“फक्कड झालीय गं उसळ. आणखी आहे का?”

नव्हती. माणिकरावांनी तीनदा मागून घेतली होती.