मडकं घेऊन उतरलेला पाहुणा

नागपंचमीचा आदला दिवस, तीन वर्षांपूर्वीचा. सकाळचे साडेनऊ. हजर: काउंटरवर मी, जिना पुसणारी मावशी आणि आटपाडीकडून आलेले एक म्हातारे. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात मडकं. मडक्याचं तोंड ओल्या फडक्यानं बांधलेलं.

शिराळ्यात या दिवसांत मडकं दिसलं की मी हातातलं काम ठेवते. पूर्वी इथं जिवंत नाग पकडून मडक्यातच ठेवायचे. आता त्याला बंदी आहे आणि वनखात्याची माणसं सगळीकडं फिरत असतात. माझ्या लॉजवर नाग सापडला तर परवाना जाणार, आणि या बारा खोल्यांवरच माझं घर चालतं. म्हणून प्रत्येकाला चार प्रश्न विचारते: कुठून आलात, कशाला, किती दिवस, गावात ओळखीचं कोण.

चौथ्याला म्हातारे म्हणाले, "लेक दिलीया हितं."

"मग तिच्याकडं नाही उतरलात?"

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. गावात लेक असताना लॉजवर कोण उतरतं?

"मडक्यात काय आहे?"

"लेकीचं हाय. उघडायचं न्हाई, बाई."

आधारची झेरॉक्स घेतली आणि वरची, जिन्याजवळची सहा नंबर खोली दिली. तिचं दार काउंटरवरून दिसतं.

तासाभरात मावशी झाडू घेऊन परत आली. "आवं ताई, त्यानं मला दारातच अडवलं. म्हनला, पायताण काढ आन् कॉटखाली झाडू घालू नगं. मडकं तितंच ठेवलंय. पंखाबी बंद केलाय."

"पंखा कशाला बंद?"

"मला इचारता व्हय? तुमीच जावा की कॉटखाली. माज्या दोन नातींची लग्नं व्हायची हायत अजून."

मी वर गेले. दार अर्धं उघडं होतं. म्हातारे तांब्यातलं पाणी फडक्यावर शिंपडत होते, हळूहळू, आत कुणीतरी झोपलेलं असावं तसे. फडक्याला बारीक भोकंही दिसली. मी तशीच खाली आले आणि वनखात्याला फोन केला.

गार्ड नाग धरायची आकडीची काठी घेऊन आला. मी आणि मावशी त्याच्यामागून वर गेलो. "आजोबा, रोजचा राऊंड आहे. मडकं सोडा."

"हात लावू नगा!"

त्यानं काठीनंच फडकं उचललं आणि टोक आत घातलं. मावशी तोवर जिना अर्धा उतरली होती. काठी बाहेर आली ती चिखलानं माखून. मडक्यात माती होती. तांबूस, चाळलेली, लोण्यासारखी मळलेली.

म्हातारे बोलले ते गार्डशी नाही, कॉटच्या पायाशी. शेताच्या बांधावरच्या वारुळाची माती. लेक दरवर्षी तिचाच नाग करून पुजते. वाटेत वाळली तर चिरा पडतात, म्हणून ओलं फडकं आणि पंखा बंद; भोकं म्हणाल तर फडकंच जुनं, विरलेलं.

"आन् तिच्याकडं का ऱ्हात न्हाई म्हनाल, तर तिला अजून लेकरू न्हाई. लेकरू झाल्याबिगर बापानं लेकीच्या घरचं पानी प्यायचं न्हाई, आमच्यात हाय तसं. सात वरसं झाली. परक्या गावात कुनाकुनाला सांगत बसू?"

गार्ड काठी धुऊन निघून गेला. काठी लागलेली माती म्हाताऱ्यांनी ओंजळीनं बाजूला काढली आणि उरलेली दाबून बघितली. "फणा बसंल," म्हणाले. मग माझ्याकडं वळून: "तुमी हुबं ऱ्हायला म्हनून त्यानं मडकं फोडलं न्हाई. लय उपकार झालं."

मी मान हलवली आणि चहा पाठवते म्हणाले.

त्यानंतर दोन्ही वर्षं ते आले. खोली सहाच मागतात. मी विचारायच्या आत मडकं काउंटरवर ठेवून फडकं सोडतात. "बघा, बाई." मी बघते. त्यांचा चेहराही बघते, पण त्यावरून काही कळत नाही.

"म्हाताऱ्याला समदं ठावं हाय," मावशी म्हणते. "न्हाईतर फडकं कशाला सोडंल?"

मला तिचं पटत नाही, आणि पुरतं खोटंही वाटत नाही. यंदाची नागपंचमी पंधरा दिवसांवर आली आहे. फोन मीच केला होता, हे त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.