ते बोट, ती बोट

"तो, ती की ते?"

उजव्या हाताचं बोट छपराकडे, भुवया वर, आणि हा प्रश्न. तुम्ही लंडनच्या पिनर उपनगरात कधी राहिला असाल आणि तुम्हाला मराठी येत असेल, तर ते बोट तुम्हीही पाहिलं असेल. मराठी अर्धवट येत असेल तर फारच जवळून पाहिलं असेल.

मी ते पहिल्यांदा पाहिलं, आम्ही नव्या घरात राहायला आलो त्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायची होती. मी दारातूनच नवऱ्याला ओरडून विचारलं, "अरे, बिन बाहेर ठेवलीस का?" नवरा वरच्या मजल्यावर आंघोळीला. उत्तर आलं ते रस्त्यापलीकडून. कार्डिगन घातलेले एक म्हातारे गृहस्थ स्वतःची बिन ढकलता ढकलता थांबले होते आणि बोट वर होतं.

"बिन. तो, ती की ते?"

तेच पुढे म्हणाले, "असं बघा, तुमच्या माहेरी कचऱ्याची टोपली होती की डबा?"

"टोपली," मी म्हटलं.

"मग 'ठेवलीस' बरोबर. आमच्याकडे डबा होता. आमचा बिन." आणि आपला बिन फुटपाथला लावून ते घरात गेले. नाव विचारलं नाही, कुठून आलात विचारलं नाही, चहाला या म्हणाले नाहीत. मी पुण्याची. हे सगळं न विचारता आत जाणारा माणूस मला लगेच आपला वाटला.

पुढे ते आमचे काका झाले. जन्मभर त्यांनी रेल्वेच्या सिग्नलांवर काम केलं होतं. चूक झाली की लाल दिवा, ही सवय तिथली असावी. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्काउट हॉलमध्ये शनिवारी मराठीचा वर्ग काढला. त्यांचा सिद्धांत असा, की परका शब्द मराठीत आला की तो ज्या शब्दाच्या खुर्चीत बसतो त्याचं लिंग त्याला मिळतं. ट्रेन ती, कारण गाडी ती. फ्लाइट मात्र त्यांच्या लेखी 'ते', कारण विमान ते. "माझं फ्लाइट लेट झालं" असं ते हीथ्रोवर ठणकावून सांगत आणि आजूबाजूचे मराठी लोक त्यांच्याकडे दयेने बघत.

त्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांना केटल ती आणि टोस्टर तो हे झोपेतसुद्धा सांगता यायचं. पण केटलमध्ये पाणी घाल, हे मराठीत सांगता यायचं नाही. वाक्य सुरू केलं की वाटेत कुठेतरी बोट वर जाणार, हे कळल्यावर कोण कशाला वाक्य सुरू करील? आईबाप खूश होते. मुलं शांत बसायला शिकली होती.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. एकदा मी म्हटलं, "काका, माझी मराठी तरी सोडा, मी पुण्याची आहे." तर म्हणाले, "माझं मराठी." नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने दोन दिवस मला 'माझं बायको' म्हणून हाक मारली.

काकूंवर मात्र त्या बोटाचा काही परिणाम होत नसे. त्या बेळगावच्या. त्या बोलायच्या तशाच बोलायच्या आणि बोट वर गेलंच तर त्याला कोथिंबिरीची जुडी अडकवून "निवडा" म्हणायच्या.

यंदाच्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला काकूंनी टूम काढली की स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला जायचं. तळं, डोंगर, बर्फ, सगळं एका खिडकीतून दिसतं असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. काकांच्या हृदयाची तक्रार तेव्हा सुरू झाली होती. डॉक्टरांनी डोंगरावर चढायला मनाई केली होती, बघायला केली नव्हती. सोबतीला आम्ही दोघं. आणि बर्मिंगहॅमहून त्यांची नात, रिया. ती तिथे हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी काकूंना तिखटमिठाच्या पुऱ्या लाटायला मदत करत होते, तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं. रिया लहान असताना वर्गाच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर उभी राहून म्हणाली होती, "माझी बाबा ऑफिसला जाते." पहिल्या रांगेतून बोट वर गेलं. हॉल हसला. पोरगी स्टेजवरून उतरली ती आजोबांशी मराठीत पुन्हा कधी बोललीच नाही. बाकी सगळं छान. कार्डं पाठवते, केक आणते, त्यांचं ब्लड प्रेशर तपासते, पण सगळं इंग्रजीत.

"ह्यांनी तिचं मराठी इतकं शुद्ध केलं की काही उरलंच नाही," काकू म्हणाल्या. "वरवर म्हणतात, तिला इंग्रजी सोयीचं पडतं. पण तिचा फोन आला की आधी मराठीत 'बोल गं' म्हणतात आणि वाट बघतात. एकदा तरी बोलू दे तिला त्यांच्याशी. मला तळंबिळं काही बघायचं नाहीये."

तळं बघायचं नाही म्हणणाऱ्या बाईने पुऱ्या मात्र एवढ्या लाटल्या की त्यात सगळ्या स्वित्झर्लंडचा नाश्ता झाला असता.

झुरिकच्या विमानतळावर आम्ही ब्रिटिश पासपोर्टवाले आता युरोपीय लोकांच्या नव्हे, 'इतर' लोकांच्या रांगेत. माझ्या नवऱ्याला हा अपमान फार लागला. काकांना वेगळीच काळजी. "पासपोर्ट तो. पण व्हिसा?" रांगेतला एक अनोळखी मुंबईकर गाफीलपणे "तो" म्हणाला आणि पुढचा अर्धा तास त्याने, व्हिसा म्हणजे परवानगी आणि परवानगी ती, यावर व्याख्यान ऐकलं. रिया इअरफोन लावून उभी होती.

ल्युसर्नला पोचलो तर डोंगर नव्हते. म्हणजे होते, पण ढगात. हॉटेलवाला खिडकीतून एका पांढऱ्या भिंतीकडे हात करून "पिलाटस!" म्हणाला आणि आम्ही पण मान डोलावून त्या ढगाचे फोटो काढले. लाकडी छपराच्या पुलावरून गेलो. खडकात कोरलेला मरणोन्मुख सिंह बघितला. "सिंह तो," नवरा घाईघाईने म्हणाला, वाद नको म्हणून. हंस बघितले. हंसांना पुरी घालू नका अशी पाटी नव्हती, कारण ती लावायची गरज पडेल असं त्यांना वाटलं नसावं.

रात्रीच्या जेवणाला रियाने सगळ्यांसाठी फॉन्ड्यू मागवलं. वितळलेलं चीज समोर आलं आणि बोट वर गेलं.

"फॉन्ड्यू. तो, ती की ते?"

"काका, आधी खाऊन तर बघू," नवरा म्हणाला.

पण त्यांनी वाढणाऱ्या मुलीलाच गाठलं. आणि काय सांगू, जर्मन भाषेतसुद्धा तीन लिंगं आहेत! ती म्हणाली, "दास फॉन्ड्यू." म्हणजे ते. काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हृदयाची गोळी द्यावी लागणार. "बघा! इंग्रजीला लिंगच नाही. इतकी वर्षं कशी काढली मी, माझं मला माहीत. इथे माणसात आल्यासारखं वाटतंय."

रियाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्या मुलीला तिने विचारलं, "अँड व्हेन फॉरिनर्स गेट इट राँग, डू यू करेक्ट देम?"

ती मुलगी हसली. "ओ नो. दे वुड स्टॉप ऑर्डरिंग."

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. पावाचा तुकडा चीजमध्ये बुडवून तो बराच वेळ तिथेच फिरवत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, माणूस बदलला. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर आम्ही तळ्यातल्या फेरीची तिकिटं हातात घेऊन उभे होतो. माझा नवरा नागपूरचा. तो म्हणाला, "चला, क्रूझ लागला."

"लागला?" बोट वर. "क्रूझ लागला?"

"आमच्याकडे तोच म्हणतात, काका."

"तुमच्याकडे क्रूझ होती कुठे?"

"का? आमच्या अंबाझरीच्या तलावात काय चालायचं मग?"

"बोट चालायची! बोट ती! नौका ती, सफर ती, मग क्रूझ तो कुठून?"

"बोट तर ते पण असतं," नवरा त्यांच्या बोटाकडे बोट दाखवून म्हणाला.

या शास्त्रार्थात माझाही थोडा हात होता, कारण नागपूरकडून चुकीची बाजू मांडली जात असताना पुण्याने गप्प बसणं बरं दिसत नाही. तेवढ्यात मागे एक लांब भोंगा वाजला. वळून बघितलं तर धक्का आणि बोटीमध्ये चांगलंच पाणी होतं. डेकवरून एक जपानी कुटुंब आम्हाला हात हलवत होतं. ते बोट वर गेलं आणि ती बोट निघून गेली.

"दॅट वॉज अवर बोट, आजोबा," रिया म्हणाली. आवाजात राग नव्हता. ते जास्त वाईट वाटलं. काका एकदम म्हातारे दिसले.

पुढची बोट यायला अवकाश होता. आम्ही काठावरच्या बाकांवर बसलो. काकूंनी डबा उघडला. काका टोकाला, त्यांच्या शेजारी रिया, मध्ये तिची बॅग. समोर तीच पांढरी भिंत. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे ही सहल फुकट गेली.

आणि मग काय झालं, तर वारा सुटला. भिंत मधोमध फाटली. आधी एक काळा कडा दिसला, मग त्याच्या वर आणखी एक, आणि कुठे थांबेल असं वाटत असताना त्याच्याही वर, जिथे डोंगर असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं तिथे, बर्फाचं शिखर. रिया ताडकन उठली. इअरफोन लोंबत होते. आजोबांचा दंड धरून ती ओरडली,

"आजोबा! बघा, बघा! ढग गेली!"

मी पुरीचा घास तसाच तोंडात धरला. नवऱ्यानेही. काकूंनी डोळे मिटले. काकांचं बोट उचललं गेलं होतं. सवयच ती, उचललं जाणारच. ते खांद्यापर्यंत आलं. मग हळूच वळलं आणि समोरच्या शिखराकडे रोखलं गेलं.

"हो गं," काका म्हणाले. "गेली."

"आणि तो... ती... डोंगर किती मोठी आहे!"

"फार मोठी आहे."

माझ्या नवऱ्याला राहवेना. "काका, डोंगर मोठी?"

"स्वित्झर्लंडमध्ये चालतं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाऱ्यामुळे आहे असं सगळे धरून चालले. काकूंनी माझ्या नवऱ्याच्या तोंडात दुसरी पुरी कोंबली.

दुसरी बोटही आम्ही सोडली. रिया बोलत होती ना. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, सगळी लिंगं उलटीपालटी. हंस पोहत होती, पूल जुनी होता, आणि आजोबा सगळ्याला हो हो म्हणत होते. मला वाटलं, या माणसाने इतकं अशुद्ध मराठी आयुष्यात ऐकलं नसेल आणि इतका सुखीही तो कधी दिसला नसेल.

पिनरला परत आल्यावर तिचे फोन मराठीत येऊ लागले. काकू सांगायच्या, "तिच्याशी बोलताना ते बोट खिशात घालून बसतात." उरलेली सगळी शुद्धता आमच्यावर. दिवाळीच्या फराळाला नवऱ्याने मुद्दाम "चकली छान झाला" म्हटलं, तर त्याला चकली मिळाली नाही.

थंडी सुरू होता होता काका गेले. सकाळी बिन बाहेर ठेवून आत आले, खुर्चीत बसले आणि गेले. त्यांची बिन त्या दिवशी मीच परत आत आणून ठेवली. त्यांचा बिन, म्हणायला हवं.

शोकसभा त्याच स्काउट हॉलमध्ये झाली. जुने विद्यार्थी आले होते, आता दाढ्या आणि टाय असलेले. त्यांचे आईबाप, आम्ही शेजारी. भाषणं झाली. बहुतेक इंग्रजीत, कारण काकांच्या विद्यार्थ्यांना काकांसमोर, फोटोतल्या का होईना, मराठी बोलायची भीती वाटत होती.

शेवटी रिया उठली. त्याच स्टेजवर गेली. हातात कागद नव्हता.

"माझी आजोबा," ती म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा, "माझी आजोबा गेली."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कोणाचं बोट वर गेलं नाही. माझ्या नवऱ्याने आपले दोन्ही हात खिशात घातले होते.

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला.

"हो गं. गेली."