बटण माढ्यात, मोटर सोलापुरात

जळका वास आला तेव्हा मी मान वरही न करता स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडलो, "अगं, शेंगदाणे करपले बघ!"

मी आणखी जोर लावला. "लक्ष कुठं आहे तुझं? घरभर वास सुटलाय!"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात कच्चे शेंगदाणे होते. ती चटणीसाठी ते निवडत होती. "गॅस अजून पेटवलेला नाही," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरच्या टेबलाकडे नुसती हनुवटीनं खूण केली.

टेबलावरून एक बारीक, निळसर धूर सरळ वर चालला होता.

काय झालं होतं ते सांगतो. मी आणलेल्या वस्तूचे दोन भाग होते. एक म्हणजे मॉड्यूल. नखभर हिरवी पट्टी, त्यावर पत्र्याचं चकचकीत टोपण, आणि टोकाला सोनेरी रंगाची नागमोडी रेघ. ही रेघ म्हणजे त्याचा अँटेना. एवढासा जीव, पण घरातल्या वायफायवरून कुठल्या कुठं बोलतो. दुसरा भाग म्हणजे डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे त्या मॉड्यूलला बसायचा पाट. पाटावर वीज येते, तारा जोडायच्या जागा असतात, छोटे दिवे असतात. मॉड्यूलचे पाय पाटाच्या भोकांत बसवायचे, की झालं. फक्त ते कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचं हे पाटावर बाण काढून दाखवलेलं असतं. मी चष्मा कपाळावर चढवून बसलो होतो. नवरदेव उलट्या तोंडानं पाटावर बसवला आणि वीज सोडली.

पुण्याला शिकणाऱ्या मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, बाण होता ना?"

"होता म्हणे."

"आणि शेंगदाण्यांचा आळ आईवर?"

ही बातमी तिच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती.

आता मुळात ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव करणाऱ्या माणसानं या वयात हे उद्योग कशाला करावेत? तर पाण्यासाठी. आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा पाहुण्यासारखं येतं, कधी सकाळी, कधी भर दुपारी. आमच्या घरात जमिनीलगत एक हौद आहे. आहे म्हणजे काय, हौद म्हणायचा एवढंच. नळाचं पाणी त्यात पडतं, तो बघता बघता भरतो, मग मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हौद तळाला गेला की मोटर बंद करायची, परत भरला की परत लावायची. पाणी जाईपर्यंत हा खेळ. म्हणजे पाण्याच्या दिवशी कुणीतरी घरात हवंच. आणि आमच्या घरात 'कुणीतरी' हे बायकोचंच दुसरं नाव आहे.

तिचं माहेर माढ्याला. लांब नाही, पण माहेरच्या कुठल्याही कार्यात ती शेवटपर्यंत थांबलेली कुणी पाहिली नव्हती. भावाच्या वास्तुशांतीला पानं मांडायला लागले आणि शेजारच्या अक्काचा फोन आला, "पाणी आलं वो!" ही उठली. राखीला तर ओवाळून झालं की ताट खाली ठेवायच्या आधी पर्स काखेत. माहेरी सगळे म्हणायचे, आत्याला चहा आधी द्या, जेवणापर्यंत टिकायची नाही. ती हसायची. पण येताना गाडीत बसली की हायवेचा फाटा मागं पडेपर्यंत काही बोलायची नाही.

तर यंदा भाचीचं डोहाळजेवण निघालं. भाची म्हणजे हिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, हिच्या भावाची एकुलती एक मुलगी. तिनं फोन करून बजावलं, "आत्या, तू शेवटपर्यंत थांबणार नसशील तर मी झोपाळ्यावर बसतच नाय. सांगून ठेवते."

बायकोनं बोटांवर दिवस मोजले. पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवशी येत होती.

मी म्हणालो, "मी राहतो घरी. तू जा."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही पुस्तक घेऊन बसाल आणि अक्का सांगायला येईल की तुमचं पाणी आमच्या उंबऱ्यात आलंय. आणि दादानं जोडीनं बोलावलंय."

अक्काला सांगावं तर पाणी येतं तेव्हा तिच्याही घरी तीच धांदल. मग मी छाती पुढं काढून म्हणालो, की आपण दोघं जाऊ, मोटर माढ्यातून चालवू. बायकोनं माझ्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. पण नाही म्हणाली नाही.

दुसरं मॉड्यूल आलं. या वेळी चष्मा नाकावर, बाण तीनदा बघितला, मग बसवलं. संगणकातून त्यात आज्ञा घालायच्या असतात. त्या घालताना एक बटण दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. तो नेमका क्षण मला सापडेना. शेवटी एकदाचा बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. मी असा ओरडलो की बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"काय झालं?"

"लागला! बघ, मी सांगितलं तसा लुकलुकतोय!"

तिनं वाकून बघितलं. "छान आहे," ती म्हणाली. "पाणी कुठाय?" आणि पोळी उलटायला गेली.

पण मी हवेत होतो. नळाच्या तोंडाखाली दोन तारा लावल्या. दोन्हींना पाणी लागलं की मॉड्यूलला कळतं आणि माझ्या मोबाईलवर 'पाणी आलं' असा निरोप येतो. तारा कोरड्या झाल्या की 'पाणी गेलं'. आणि मोबाईलवरचं बटण दाबलं की मोटर चालू, परत दाबलं की बंद. मोटरीच्या विजेला मी हात लावायचा नाही अशी घरातून सक्त ताकीद होती, ते जोडकाम वायरमननं केलं. मी तांब्यानं तारांवर पाणी ओतायचो, फोन वाजायचा, मी आपला खूश. घरातलं पिण्याचं पाणी संपायला आलं तेव्हा तांब्या काढून घेण्यात आला.

मग हौदाजवळच्या ओलीत बोर्ड खराब होऊ नये म्हणून मी त्याला घर शोधलं. आपल्याकडे जपायची वस्तू कशात ठेवतात? स्टीलच्या डब्यात. मांडणीवरून एक घट्ट झाकणाचा डबा घेतला, तारांसाठी बाजूला भोक पाडलं, बोर्ड आत बसवला. झाकण लावलं. आणि यंत्र मुकं झालं.

झाकण उघडून बघावं तर दिवा लुकलुकतोय, फोनवर निरोप येतोय, सगळं ठीक. झाकण लावावं तर गप्प. उघडलं की चालू, लावलं की गप्प. वर्गात गुरुजी आले की पोरं जशी वाचायला लागतात तसा प्रकार. मी आज्ञा तपासल्या, तारा तपासल्या, वायफायला शिव्या दिल्या. दिवसभर झाकण काढ-घाल चाललेली बघून बायको जवळ आली आणि तिची नजर डब्यावर गेली.

"हा डबा..." ती म्हणाली. डबा फिरवला. त्याच्या अंगावर तिच्या मामांचं नाव कोरलेलं होतं, खाली 'कडून सप्रेम भेट', आणि 'सप्रेम'च्या बरोबर मध्ये माझं भोक.

तिनं भोकात बोट घालून बघितलं.

"मागं माझा मोबाईल लोखंडी कपाटात राहिला होता," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा तुम्ही दहा वेळा फोन लावला, लागला का?"

नव्हता लागला. अँटेनाजवळ धातू नको हे मी वाचलंही होतं, तोंडपाठ होतं. पण स्टीलचा डबा हा धातू आहे असं कधी मनात आलंच नव्हतं. आपल्या घरात तो डबा असतो, बस. मग श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा धुऊन आणला, यंत्र त्यात गेलं आणि झाकण लावूनही बोलायला लागलं. मामांच्या डब्यात आता कोथिंबीर लावली आहे. पाणी जायला भोक होतंच.

डोहाळजेवणाच्या दिवशी माढ्याला पोचलो तेव्हा अंगणात झोपाळा फुलांनी मढवला होता. भाची हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, तोंडभर हसत बसलेली. सासूबाईंनी बायकोच्या हातात लगेच चहाचा कप दिला. "घे बाई, आधी पी."

"आज थांबणार आहे मी," बायको म्हणाली.

"व्हय व्हय," सासूबाई म्हणाल्या, "पी आधी."

ओटी भरायला सुरुवात झाली आणि माझ्या खिशात फोन वाजला. पाणी आलं! मी वाचायच्या आत बायकोनं आवाज ओळखला होता. हातातलं तबक शेजारणीकडे देऊन ती उठलीच, पदर खोचला, पर्स शोधायला लागली. इतक्या वर्षांची सवय. सगळ्या बायका हसायला लागल्या.

"अगं बस," मी म्हणालो. "हे बघ." आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवा ठिपका आला.

मेहुण्यानं फोनमध्ये डोकं घातलं. "दाजी, म्हंजी मोटर सुरू झाली? तितं?"

"झाली."

"हितनं?" सासूबाई म्हणाल्या. "लई भारी की! मला बी दाबू द्या."

आता सासूबाईंना नाही कसं म्हणणार? त्यांनी दाबलं, मोटर बंद झाली. मग मेहुण्याच्या बायकोनं दाबलं. मग शेजारच्या दोघींनी. भाची झोपाळ्यावरून म्हणाली, "अगं मला द्या की आधी, डोहाळे माझे हायत!" फोन हातोहात फिरला. तेवढ्यात त्यावर आमच्या शेजारच्या अक्काचाच फोन आला.

"काय वो अण्णा, तुमच्या मोटरीला उचकी लागलीय की काय? चालू-बंद, चालू-बंद! घरात कोण आहे?"

"घरात कुणी नाही अक्का, आम्ही माढ्याला आहोत."

"मग मोटर कोण लावतंय?"

"इथल्या बायका."

अक्कानं फोन ठेवला.

हसणं ओसरलं तेव्हा बायकोनं मला हळूच विचारलं, "हौद आता किती भरलाय?"

पाणी आलेलं कळत होतं, गेलेलं कळणार होतं. पण हौद भरलाय की तळाला गेलाय हे सांगणारं काहीच मी लावलं नव्हतं. नखभर मॉड्यूलच्या मागं महिनाभर लागलो, आणि हौदाकडे बघायचंच विसरलो. मोटर कोरडी चालली तर जळणार. बंद ठेवली तर पाणी वाहून जाणार आणि पुढचे चार दिवस टाकी रिकामी. मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं. तिचा हात परत पर्सकडे गेला. भाचीचं हसू मावळलं.

मग ती मध्येच थांबली. पर्स खाली ठेवली.

"मोटर लावा," ती म्हणाली. "आणि गाणं म्हणा गं कुणीतरी. पहिल्या डोहाळ्याचं, सगळ्या कडव्यांचं."

"गाणं?" मी म्हणालो.

"घरी हौदावर एकटी बसून काय करते मी? गाणीच म्हणते ना. एक लांब गाणं झालं की हौद तळाला जातो. मग बंद करायची. पाळणा म्हणून होईस्तोवर परत भरतो."

बायकांनी ताल धरला. गाणं संपलं की ती मान हलवायची, भाची मांडीवरच्या फोनवर बोट ठेवायची, मोटर बंद. पाळणा संपला की परत बोट, मोटर चालू. कुणी घाईनं म्हणायला लागली तर बायको हातानंच आवरायची, "सावकाश गं, अजून भरला नसंल." एकीनं मध्येच कडवं गाळलं तर सगळ्या ओरडल्या, "अगं पाणी सांडंल!" ज्यांना गाणी येत नव्हती त्यांनी टाळ्या वाजवल्या, मेहुण्यानं ताट वाजवलं. मला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसून मनापासून ऐकलं. तिचा आवाज इतका मोकळा मी किती दिवसांनी ऐकत होतो. आपल्याच घरात दर चार दिवसांनी हे गाणं होत असणार, आणि मी ग्रंथालयात शिक्के मारत असणार.

'पाणी गेलं' असा निरोप आला तेव्हा गाणी संपत आली होती. पण कुणी थांबायला तयार नव्हतं. मग ती पंगतीला बसली. पहिल्या पंगतीला नाही, शेवटच्या, भावजयीबरोबर, निवांत. पुरणपोळीवर दोनदा तूप घेतलं. रात्री आम्ही तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि तडक गच्चीवर गेलो. तिनं टाकीचं झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरली होती. तिनं पाण्यात हात बुडवला, झाकण नीट लावलं, हात पदराला पुसला. मी शेजारी शाबासकीची वाट बघत उभा होतो.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "आता बारशाला मी आठ दिवस आधी जाते. तुम्ही पाण्याची पाळी उरकून मागनं या, जेवायच्या वेळेला. आणि जेवल्याशिवाय उठू नका, माझ्या माहेरचे नावं ठेवतात."