उत्तराखालच्या दोन रेघा

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे — खरं तर अर्धं सांगितलंय, आणि तेही शंभरदा. आमच्याकडे बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपून मंडळी सतरंजीवर पसरली की सुनंदा — माझी बायको — म्हणते, "अहो, तो दहा बाय दहाचा किस्सा सांगा ना." मी थोडे आढेवेढे घेतो आणि सांगतो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आमचा सगळा गोतावळा त्या किस्स्यावर हसून झालाय. तुम्ही त्यांच्यातले नाही. म्हणून उरलेला अर्धा तुम्हाला सांगतोय.

आधी माझी चूक. छोटी आहे. छोटीच होती, हेच तर —

मी मुलुंडच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. डिग्रीच्या मुलांना नाही. डिग्रीच्या आधी आमच्याकडे एक वर्ष असतं, त्याला सगळे नुसतं 'फाउंडेशन' म्हणतात. बारावी झालेली, बहुतेक मराठी माध्यमातली मुलं येतात. गणिताचा धसका घेतलेली, जाडं इंग्रजी पुस्तक दिसलं की बाकाखाली पेन शोधायला लागणारी. त्यांना वर्षभर घासूनपुसून कॉम्प्युटरच्या डिग्रीला बसण्याजोगं करायचं. चाळीस मुलं घेतात, वर्षाअखेर त्यातली पंधरा आमच्याच संस्थेच्या डिग्रीला जातात. उरलेल्यांनी हवं तर पुन्हा वर्ष करावं. डिग्रीला शिकवायला मला कधी कुणी बोलावलं नाही, हेही सांगून टाकतो. तळमजल्यावरचा माणूस मी. तिसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममध्ये चहा बरा मिळतो, एवढं ऐकून आहे.

तर जुलै महिना, शेकडेवारी चाललेली. चौरसाची लांबी वीस टक्के वाढवली आणि रुंदी वीस टक्के कमी केली, तर क्षेत्रफळ किती? मी — वीस वर्षं खडू हातात असलेला माणूस — वर्गाकडे पाठ करूनच म्हणालो, "तेवढंच." फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ही माझी शिस्त. शेवटच्या उत्तराखाली दोन रेघा. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की दोन रेघा मारल्या म्हणजे विषय संपला, आता देव आला तरी उत्तर बदलायचं नाही.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. प्राजक्ता. घाटकोपरच्या डोंगराकडून यायची.

"सर, आमची खोली दहा बाय दहाची आहे. तिची लांबी बारा केली, रुंदी आठ केली. बारा आठे शहाण्णव. मग चार फूट गेले कुठे?"

सतरंजीवर मी पुढचं असं सांगतो — मी हसलो, म्हणालो, "अगं, मुद्दामच चूक केली होती, कोण जागं आहे ते बघायला. शाब्बास." आणि खिशातलं पेन काढून तिला बक्षीस दिलं. इथे सगळे वा वा म्हणतात. सुनंदा दरवेळी भर घालते, की पेन नवंकोरं होतं हो, दोन दिवसांपूर्वीच घेतलेलं.

मुद्दाम चूक केली असं मी म्हणालो, हे खरंय. कुठला मास्तर कधी ना कधी म्हणाला नसेल? पण ती खाली बसली नाही. फळ्याकडे बघत राहिली, आणि अगदी शांतपणे — चेष्टेचा सूर नव्हता हो, असता तर बरं झालं असतं — विचारलं, "मग खाली दोन रेघा का मारल्या, सर?"

एकोणचाळीस मुलं हसली.

पेन खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. डस्टर सापडेना, की मागून आवाज, "त्या चार फुटांत असेल, सर." चष्मा विसरलो, तरी तेच. मीही हसायचो. मी विनोदी माणूस आहे ना! टक्कल, ढेरी, घोरणं, सासुरवाडीला माझी उडालेली फजिती — स्वतःवर इतके विनोद करतो, की दुसऱ्याला जागाच उरत नाही. आता वाटतं, त्यासाठीच तर करत नसेन? स्वतःची फजिती मी सांगितली तर चालते. दुसऱ्याने सांगितली की मी हिशोब ठेवायला लागतो. तो त्या वर्षी ठेवला.

त्या वर्षात मी काय केलं ते सांगतो. काही केलं नाही असंच कुणालाही वाटलं असतं. तिचा हात वर दिसला की मी नेमका खिडकीकडच्या मुलाला विचारायचो. वह्या परत देताना तिची शेवटी. पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, तरी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापला. मग ती प्रत्येक ओळीला एकक लिहायला लागली. मी लिहिलं, अनावश्यक लेखन टाळावे. हसू येतंय ना तुम्हाला? मलाही यायचं. दिवाळीनंतर तिने हात वर करणं सोडलं. नुसती बघत बसायची. मला वाटायचं, माझी पुढची चूक हेरतेय. ती बिचारी फळा बघत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं?

आता त्या ओळीचं सांगायला हवं. तिथपर्यंत यायला मी किती वळसे घेतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

फाउंडेशनची पोरं नुसत्या मार्कांवर पुढे जात नाहीत. मार्च संपला की प्रत्येक मुलाचा एक गुलाबी कागद निघतो, आणि त्यावर प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची — हा विद्यार्थी पदवीला तयार आहे की नाही. लिफाफा बंद. मुलांना तो कधी दिसत नाही. वर समिती बसते, ती पेपर उघडत नाही, ओळी वाचते. म्हणून फेब्रुवारी लागला की पोरं अचानक आमच्या बॅगा उचलायला लागतात, जिन्यात वाट सोडतात. "ओळ चांगली पडू दे रे बाबा," असं एकमेकांत म्हणतात. प्राजक्ताने कुणाची बॅग उचलली नाही. माझी तर नाहीच.

आणि मला माहीत होतं. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर मला माहीत नव्हतं असं समजून तुम्ही मला सोडून द्याल. जानेवारीत पालकांची सभा झाली तेव्हा तिचे वडील भेटायला आले होते. टेम्पो चालवायचे. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, एकच वर्ष दिलंय तिला, डिग्रीला लागली तर शिकेल, नाहीतर कामाला लागेल, मागे धाकटी दोघं आहेत. मग विचारलं, "गणितात कशी आहे, सर?" मी म्हणालो, बघू या.

वर्गात पहिली होती.

एप्रिलची दुपार. चाळीस गुलाबी कागद घेऊन मी बसलो. समोर इंग्रजीच्या देसाई मॅडम, त्या भरभर लिहीत होत्या. तिचा कागद आला. वर मॅडमची ओळ होती — मेहनती, इंग्रजीत लक्षणीय सुधारणा, नक्की पुढे पाठवावे. मी पेन काढलं. तेच पेन. तुम्हाला वाटेल, रागाच्या भरात लिहिलं असेल. राग नव्हता. पंखा चालू होता, चहा येऊन गेला होता, आणि मी अगदी घोटीव अक्षरात लिहिलं — "बुद्धी बरी, परंतु उद्धट. शिस्तीचा अभाव. पदवी अभ्यासक्रमासाठी अद्याप तयार नाही."

आणि 'तयार नाही' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

मॅडमनी मान वर करून विचारलं, प्राजक्ताचं झालं का, फार गुणी मुलगी आहे. मी म्हणालो, हो ना. आणि कागद गठ्ठ्यात खाली सरकवला.

यादी लागली. पंधरा नावं, त्यात तिचं नाही. माझ्याकडे जेमतेम पास झालेली, पण बॅगा उचलणारी दोन मुलं मात्र त्यात होती. संध्याकाळी ती स्टाफरूमच्या दारात आली. रडत वगैरे नव्हती. चप्पल बाहेर काढली होती, का कोण जाणे — आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी एकटाच होतो.

"सर, तुम्ही माझी ओळ काय लिहिलीत?"

मी म्हणालो, ते गोपनीय असतं, निर्णय समितीचा असतो, पुढच्या वर्षी बघू.

ती म्हणाली, "चूक झालीय का, सर? की हीपण मुद्दाम?"

मी हजेरीपट उघडला. एप्रिलात, वर्ग संपल्यावर, हजेरीपट. त्यातली नावं वाचत बसलो. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. ओळ बदलता आली असती का? आली असती. समितीतले दोघे माझ्या ओळखीचे, तिसऱ्या मजल्यावर जाऊन, लिहिताना गफलत झाली, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मी ती संध्याकाळ भाजी घेत घरी आलो. आणि त्याच मे महिन्यात, मेव्हण्याच्या लग्नात, दहा बाय दहाचा किस्सा पहिल्यांदा सांगितला. पेनसकट.

त्याला सहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. नाहूर स्टेशनजवळच्या लॅबमध्ये सकाळी गेलो. काउंटरवर ती होती. गळ्यात ओळखपत्र, केस बांधलेले, दोन माणसांचा हिशोब कागद न घेता एकदम करत होती. माझा फॉर्म घेतला. नाव वाचलं. वर बघितलं. मी हसण्याची तयारी केली — हो, निर्लज्जासारखी.

"काका," ती म्हणाली, "उपाशी पोटी आलात ना?"

काका. इतक्या वर्षांत मला माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने काका म्हटलेलं नाही. आणि मी — निघताना चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्लेला माणूस — म्हणालो, "हो."

तिने फॉर्म तसाच परत सरकवला. "शर्टावर बिस्किटाचा चुरा आहे, काका. उद्या या. खरंच उपाशी." आणि माझ्या मागच्या बाईंना, "या, मावशी."

बस, एवढंच. ओळख दाखवली नाही, टोमणा मारला नाही, आवाज चढवला नाही. तसं काही केलं असतं तर मी घरी येऊन त्याचाही किस्सा केला असता.

घरी आलो तेव्हा सुनंदा मेथी निवडत होती. दंडावर कापूस कसा नाही, म्हणाली. मी बिस्किटाचं सांगितलं, ती हसली. मग काउंटरवर कोण होती ते सांगितलं. मग — मला थांबता आलं नाही — दोन रेघांचं सांगितलं. फळ्यावरच्या आणि कागदावरच्याही. टेम्पोवाल्या वडिलांचं, चपलांचं, हजेरीपटाचं. ती मेथी निवडत राहिली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"आणि पेन?" तिने विचारलं.

"दिलंच नव्हतं."

तिने ताटली उचलली, ओट्यापाशी गेली, नळ सोडला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "रविवारी आमच्या नीताच्या पोरीचा साखरपुडा आहे. तिथे कुणी ना कुणी तो किस्सा सांगायला सांगणारच. तुम्ही पेनपर्यंत आलात, की पुढचं मी सांगेन."