परसदारची कात्री

शिवणकाकूंच्या घरात कात्री मशीनपाशी कधीच नसायची. ती असायची परसदारी, खिळ्याला टांगलेली. ब्लाऊज शिवायला टाकायला आलेल्या बायका बुचकळ्यात पडत. काकू मशीनवर बसत, एक बाही जोडत आणि दोरा तोडायला उठून थेट मागच्या दारापर्यंत जात. परत येऊन बसल्या की थोड्या वेळाने पुन्हा तेच. एखादी नवखी न राहवून म्हणायची, "काकू, मी देते ना आणून!" की काकू खेकसत, "हात नको लावू तिला! माझं औषध हाय ते."

हे औषध घ्यायची वेळ त्यांच्यावर आली, त्यात माझाही हात होता. म्हणूनच सांगायला बसलेय.

कशेळ्याच्या बाजारात जीपा उभ्या राहतात, तिथून दोन घरं आत त्यांचं घर. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे शिवण शिकले. शिकले कसली, उलट्या बाह्या लावून बोलणी खाल्ली! दुपारी सगळा बाजार पेंगत असे. काकूंच्या पायाखाली मशीन खडखडत असे, कौलाच्या फटीतलं ऊन कापडावरून हळूहळू सरकत असे आणि झोप लागते न लागते अशा अवस्थेत मला वाटे, हे असंच चालत राहणार. काकूंना साखर होती, पण तिची त्यांना फारशी धास्ती नव्हती. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा आणि पहाटे मुरबाडच्या रस्त्याने तासभर फिरणं. "एक तास डॉक्टरला दिला. बाकीचा दिवस माझा," असं म्हणत.

मला साजगावला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी काकूंच्या मशीनला मोटर बसवून दिली. काय मिरवले मी! "अगं बया, पाय मोकळं झालं की माझं," म्हणत काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. कामं वाढली. शिवाय आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे माणसाला आधी बसवायचं. सून पाणी हातात देई, गिऱ्हाईक कापड मांडीवर आणून ठेवी आणि सुट्टीला गेले की मी दोरे, बॉबिन, कात्री सगळं त्यांच्या हाताशी मांडून देई. "तुम्ही बसा काकू." पहाटेचं फिरणं उरकून बसलेल्या काकू दिवेलागणीलाच उठत. जेवणाचं ताटसुद्धा मशीनवर येऊ लागलं.

लग्नसराईत, मी सुट्टीला गेले असताना, एका दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला. जबडा दुखतोय म्हणाल्या, मळमळतंय म्हणाल्या. "पित्त खवळलंय गं, दुसरं काय नाय." मीही शहाणी! आल्याचा रस दिला, पंखा वाढवला आणि राहिलेली हुकं लावत बसले. छातीत दुखतंय असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, कारण दुखतच नव्हतं. संध्याकाळी ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले. जीप करून त्यांना कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा हृदयाचा झटका आहे. साखर असलेल्यांची छाती कधीकधी दुखतच नाही.

पुढे त्या जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "फिरता का?"

"फिरते की. रोज तासभर."

"आणि नंतर?"

"नंतर बसते."

"किती वेळ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "दिवेलागणीपर्यंत," मी सांगितलं.

वर्षानुवर्षांची साखर आहे, नुसत्या बसण्याने हे झालेलं नाही, असं डॉक्टरांनी मला समजावलं. पण दर अर्ध्या तासाने उठायचं, चार पावलं टाकायची, सकाळच्या एका तासाने दिवसभराचं बसणं भरून निघत नाही, हेही बजावलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. घरी आल्यावर म्हटलं, "काकू, मी ती मोटर काढून टाकते."

"खुळी का काय! मोटर ऱ्हाऊ दे, शिलाई झकास येते. कात्री तेवढी लांब टांग."

मग दोरे आतल्या खोलीत गेले, इस्त्री ओट्यावर गेली आणि शिवलेले कपडे काकू स्वतः चालत पोचवू लागल्या. परसदारी गेल्या की कात्री हातात धरून डोंगराकडे बघत राहत. कधी ढग खाली उतरलेले असत, कधी नुसतंच धुरकट ऊन असे. "सगळं हितंच होतं गं, माझ्या पाठीमागं. आणि मी आपली खाली मान घालून काजं करीत होते," असं एकदा म्हणाल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अशी बरीच वर्षं त्यांनी मिळवली. मग माझ्याच रक्तात साखर निघाली. दिवसभर खुर्चीला चिकटलेली मी, त्यातून आमच्या घरात सगळ्यांना साखर, कधीतरी निघणारच होती. रिपोर्ट घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "चपला घाल."

आम्ही खाचरांच्या बांधाने निघालो. त्यांचं हृदय आता थकलं होतं. बांधावरच्या उंबराच्या झाडाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. "तू हो पुढं. मी बघते हितनं." मी जरा रेंगाळले की मागून हाक यायची, "चाल गं!" तो सगळा हिवाळा दर रविवारी हेच. भात कापलेल्या खाचरांवर ऊन पसरलेलं आणि लांब उंबराखाली त्यांचं निळं पातळ.

फाल्गुनात काकू गेल्या. सुनेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, खुर्चीत.

आता एकटीच जाते. उंबराशी पोचलं की पाय जड होतात, तिथंच बसून पोटभर रडावंसं वाटतं. थांबते, मागे वळून बघते. कोणी ओरडत नाही. मग मीच चालायला लागते.