जड पाण्याच्या दोन खोल्या

शेगावात माझ्या मोठ्या भावाचं घर स्टेशनपलीकडच्या वस्तीत होतं. घरामागे बोअर होती. तिचं पाणी दिसायला स्वच्छ, पण जड. डाळ शिजायला वेळ घेई, साबणाला फेस येत नसे, आणि पाणी जिथे वाळेल तिथे पांढरा थर सोडून जाई. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या काठावर, स्टीलच्या पेल्यांना आतून. वस्तीत सगळ्यांकडेच तो थर होता, त्यामुळे तो कोणाच्या नजरेत येत नसे.

तो पहिल्यांदा दिसला देऊळगाव राजाहून आलेल्या एका बाईंना.

मी तेव्हा बुलढाण्याला एका दैनिकात नोकरीला होतो आणि सुटी मिळाली की भावाकडे जाई. पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं वहिनींनी सांगितलं आणि भावाने, थोडं मागेपुढे करत, मान्य केलं.

भावाची शेती खामगावच्या बाजूला होती. काळी जमीन, विहीर, कपाशी आणि कपाशीला ठिबक. बीटी बियाण्याची पाकिटं आली तेव्हा बोंडअळीचा विषय मिटला असं सगळे म्हणत आणि काही वर्षं ते खरंही ठरलं. मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून धड दिसे; फोडलं की आत किडका, पिवळट कापूस. फवारण्या वाढल्या, वेचण्या कमी झाल्या. एका हंगामात भावाने एकच वेचणी केली आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. त्या भागात त्या वर्षी तसं करणारा तो एकटा नव्हता.

चाकणला एका कंपनीत पहारेकऱ्याची जागा होती. भावाने जायचं मनात घेतलं. वहिनींनी वेगळं सुचवलं. घराच्या पुढच्या दोन खोल्या आधी भाडेकरूंसाठी बांधलेल्या होत्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणी होती. त्या दर्शनाला येणाऱ्या मंडळींना उतरायला द्यायच्या. दिवाळीपर्यंत खोल्या चालल्या तर घर इथेच राहील. नाही चालल्या तर कुलूप लावून सगळ्यांनी चाकणला जायचं. दोघांत एवढं ठरलं, आणि त्यानंतर त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

देऊळगावच्या बाई दर एकादशीला आपल्या गावच्या वयस्कर बायकांना घेऊन येत. अशी मंडळी एका घरी उतरायला लागली की वर्षानुवर्षं तिथेच उतरतात आणि त्यांच्या ओळखीने दुसऱ्या गावची माणसंही येतात. वहिनींना हे ठाऊक होतं. बाई पहिल्यांदा आल्या त्या खोलीत न बसता थेट न्हाणीत गेल्या, बादली उलटी केली आणि काठावरून नख फिरवलं.

“बाई, धुता का नाही कधी ही?”

“सकाळीच घासली जी.”

“मग हे काय? माझ्या नखात आलं.”

“पाण्याचं आहे ते.”

“पाणी आमच्याकडं बी हाय,” बाई म्हणाल्या आणि बायकांना घेऊन दुसरीकडे गेल्या. जाता जाता एवढं बोलल्या की खोल्या जमिनीलगत आहेत, म्हाताऱ्यांना जिना चढायला लागत नाही, तेव्हा पुढच्या एकादशीला एकदा बघून जाऊ.

वहिनींनी त्या दिवशी कोणाला दोष दिला नाही. बादली अंगणात उजेडात नेली आणि तिच्यासमोर बसल्या. आधी राख लावून पाहिली, मग विटेची भुकटी, मग तारेची घासणी. थर थोडा निघाला, पण प्लास्टिकवर चरे पडले आणि दोनच दिवसांत चऱ्यांमधून थर पहिल्यापेक्षा घट्ट बसला. मग त्यांनी अर्धं लिंबू काठावर चोळलं. बारीक बुडबुडे आले. थोड्या वेळाने कापड फिरवलं तर काठ स्वच्छ. दुसऱ्या दिवशी बाजारातून लिंबं आली आणि नळ, तांब्या, पेले, सगळ्यांवर फिरली.

शेजारी एक चाचा राहत. गिझर, कूलर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कुंपणावरून ते हा उद्योग पाहत होते.

“भाभी, येवढ्या लिंबाचं लोणचं घातलं असतं तर मोहल्ल्यानं वर्षभर खाल्लं असतं.”

“मंग तुम्हीच सांगा दुसरं काही. फुकटचं हसून नका राहू.”

“लिंबूसत घ्या. किराण्यात भेटते. साखरेवानी दिसते. फक्त चहात टाकू नका, आमचे भाऊसाहेब पळून जातीन.”

लिंबूसत म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचे पांढरे खडे. चाचांनी त्याच दिवशी गिझर उघडून दिला. आतली कॉइल थराने इतकी जाड झाली होती की ती मूळची केवढी आहे हे ओळखू येत नव्हतं. वहिनींनी गरम पाण्यात लिंबूसत विरघळवून कॉइल त्यात उभी केली, विजेची टोकं वर ठेवून. पाणी फसफसलं, पांढरे पोपडे तळाशी बसू लागले. फसफस मंदावली की त्या आणखी एक चमचा घालत. शेवटी चमचा घातला तरी काही झालं नाही. कॉइल बाहेर काढली तेव्हा ती पेन्सिलीएवढी निघाली.

“फेस थांबला म्हणजे थर संपला,” वहिनी म्हणाल्या. चाचांनी मान हलवली आणि गिझरचा काटा खाली करायला सांगितलं; पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त. वहिनींनी काट्याच्या नव्या जागेवर नखपॉलिशचा ठिपका दिला.

त्यानंतरच्या दिवसांत मी त्यांचं काम पाहिलं. त्यात घाई नव्हती आणि फारसं घासणंही नव्हतं. शॉवरला लिंबूसताच्या पाण्याने भरलेली पिशवी बांधून ठेवायच्या. नळाच्या तोंडाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायच्या. तासाभराने सोडून साध्या पाण्याने धुवायच्या. पण एवढं करून दुसऱ्या दिवशी नळाच्या टोकाला पुन्हा पांढरा ठिपका दिसला, आणि तिथे त्यांचा विचार बदलला. थर काढण्यापेक्षा तो येतो कधी, हे त्या पाहू लागल्या. पाणी असताना येत नाही, वाळताना येतो. मग त्यांनी ठिबकणाऱ्या नळांचे वॉशर बदलून घेतले. प्रत्येक न्हाणीत खिळ्याला कोरडं फडकं टांगलं. आंघोळ झाली की नळ, बादली, तांब्या पुसून बादली पालथी. पेले धुतले की निथळत न ठेवता लगेच पुसायचे. हा नियम त्यांनी आधी घरच्यांना लावला. मला एकदा न्हाणीतून परत पाठवलं.

“भाऊजी, नळ कोण पुसते? बातमी देणारे लोक येणार हायेत काय त्यासाठी?”

मी पुसला.

या घरात आणखी एक नियम जुना होता, आणि तोही वहिनींचाच. फवारणीची बादली, फवारणीचे कपडे, औषधाचे डबे, शेतातलं यापैकी काहीही उंबऱ्याच्या आत येत नसे. कपडे बाहेरच्या दगडावर वेगळे धुतले जात. फवारणीच्या दिवसांत विषबाधा झालेली माणसं त्यांनी गावात पाहिली होती. भाऊ हा नियम कधी मोडत नसे. एकदा मोडला, आणि तेव्हाही तो मोडतो आहे असं त्याला वाटलं नाही.

एकादशीच्या आदल्या दिवशी मी दुपारी पोचलो. वहिनी किराण्याला गेल्या होत्या. दोन्ही न्हाण्या चकचकीत होत्या, फक्त खाली शहाबादी फरशीवर, पाणी साचायच्या कोपऱ्यात, पांढरट पट्टे राहिले होते. त्यांच्यासाठी वहिनींना अजून उपाय सापडला नव्हता. भावाला सापडला. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून भोकं बुजतात, तेव्हा शेतकरी पाण्यातून अॅसिड सोडतात आणि नळ्या मोकळ्या करतात. भावाने हे दर हंगामात केलेलं होतं. तो शेतातून अॅसिडचा डबा घेऊन आला. त्याच्या हिशेबी ते फवारणीचं औषध नव्हतं, पाण्याच्या क्षाराचं औषध होतं, आणि न्हाणीतही पाण्याचाच क्षार होता. इतके दिवस बायको एकटी राबते आहे आणि आपण बघतो आहोत, हेही त्याच्या मनात असावं.

त्याने पहिल्या न्हाणीत फरशीवर डबा ओतला. फरशी खळखळून फसफसली. वास दारापर्यंत आला. खोकत खोकत तो बाहेर येऊन उभा राहिला, आणि तेवढ्यात वहिनी आल्या.

“हे कायले आणलं घरात?”

“औषध नाई हे. ठिबकचं अॅसिड आहे. तुह्या लिंबूसताचा बाप. पाह्य कसा निंघून राह्यला क्षार.”

वहिनींनी पदर नाकाला लावला आणि दारातून पाहिलं. फेस सगळ्या फरशीवर होता, जिथे पट्टे होते तिथे आणि जिथे नव्हते तिथेही.

“थर तर कोपऱ्यातच होता. मंग मधात काऊन फेस येऊन राह्यला?”

“असंल तिथंही. दिसत नसंल.”

“थांबत काऊन नाई?”

“अजून असंल खाली.”

“खाली तर फरशी आहे.”

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या काळ्या कडाप्प्याच्या ओट्यावर एक फिकट गोल डाग होता. कापलेलं लिंबू तिथे कधीतरी तसंच राहिलेलं. कडाप्प्यावर लिंबू ठेवू नये हे आपल्याकडे सगळ्या घरांत सांगतात. का, ते कोणी विचारत नाही. वहिनी डाग बघून परत आल्या त्या हातात पाण्याची बादली घेऊनच.

“फरशीच विरघळून राह्यली,” त्या म्हणाल्या. “पाणी आणा. दोघंही.”

आम्ही बादल्या वाहिल्या. खूप पाणी गेल्यावर फेस बसला. मग त्यांनी धुण्याचा सोडा पसरला, पुन्हा पाणी सोडलं, खिडकी दोरीने ताणून उघडी बांधली. शहाबादीही कडाप्प्यासारखा चुन्याचाच दगड. बोअरच्या पाण्यातून नळावर जमतं आणि खाणीतून फरशी म्हणून येतं ते मुळात एकच. अॅसिडला त्यात फरक करता येत नाही. संध्याकाळी फरशी वाळली तेव्हा तिचा निळसर राखी तुकतुकीतपणा गेला होता. हात फिरवला तर खरबरीत लागे. नळाची चकाकीही वाफेने काळवंडली होती.

भाऊ ओसरीवर बसून होता. “मी तर क्षार काढासाठीच टाकलं.”

“क्षारच काढला तुम्ही,” वहिनी म्हणाल्या. “नळाचा नाई, दगडाचा.”

भाऊ उठून न्हाणीचं दार ओढून आला आणि म्हणाला, “त्या खोलीले कुलूप लावू. एकच दाखवू.”

“ती बाई दोन्ही पाह्यल्याबिगर जाईन काय?”

“मंग सतरंजी टाकू न्हाणीत.”

“ओल्या सतरंजीवर आंघोळ करतीन म्हाताऱ्या? अन् ती बाई सतरंजी उचलूनच पाह्यते. राहू द्या. विचारलं तर सांगू.”

त्या रात्री जेवताना चाकण सगळ्यांच्या डोक्यात होतं.

सकाळी बाई आल्या. मागे चार-पाच म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी. बाईंनी चांगल्या न्हाणीपासून सुरुवात केली. बादली उलटी केली, नख फिरवलं, नख पाहिलं, पुन्हा फिरवलं. पेला उजेडात धरला. नळाखाली वाकून त्याच्या तोंडात बोट घातलं. मग दुसऱ्या न्हाणीत गेल्या आणि दारातच थांबल्या.

“हे काय केलं?”

“अॅसिड पडलं काल. वाटलं क्षार निंघंल.”

“कोणाला वाटलं?”

मागून भाऊ म्हणाला, “मले.”

बाईंनी वळून त्याला नीट पाहिलं. “शेती करता?”

“हाव. कपाशी.”

“ठिबकला सोडता तेच ना? आमच्याकडं बी हायेत ते डबे. पोरं आणत्यात घरात, मी शिव्या देऊन बाहेर ठिवायला लावती.” त्या खाली बसल्या, फरशीवर तळहात दाबला आणि हाताचा वास घेतला.

“धुतली हाय?”

“लय धुतली. सोडाही टाकला.”

“पाय नाही घसरायचा हिच्यावर. पण खाली बसून आंघोळ करणारीला टोचंल.” बाई उठल्या. “पाट आहे का घरात?”

वहिनींनी पाट आणून दिला. म्हाताऱ्यांनी पिशव्या खोलीत ठेवल्या. त्यातली एक तेवढ्यात बादली घेऊन नळाखाली बसलीही.

दुपारी दर्शन करून मंडळी परत आली, जेवली, लवंडली. निघताना बाई वहिनींना म्हणाल्या, “पुढच्या एकादशीला दोन्ही खोल्या धरून ठिवा. आन् तेवढी फरशी बदला. निगुतीचं घर हाय, ती नजरंत खुपती.”

नव्या फरशीसाठी वहिनी भावाला घेऊन खामगावला गेल्या. दुकानात त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, प्रत्येक नमुन्यावर एकेक थेंब टाकला आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, “बाई, भेळ करता काय इथं?” त्या म्हणाल्या, “बसा, तुम्हालेही देऊ.” ज्या टाइल्सवर थेंब नुसता थेंब राहिला, त्यांतली पाय घसरू नये म्हणून किंचित खरबरीत असलेली त्यांनी निवडली.

दिवाळीच्या आठवड्यात चाकणहून फोन आला. जागा अजून रिकामी होती आणि लगेच माणूस हवा होता. भाऊ तेव्हा न्हाणीत उकिडवा बसून टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट भरत होता, हात कोपरापर्यंत माखलेले. फोन वहिनींनी घेतला. त्यांनी आत एकदा पाहिलं आणि सांगितलं की ते कामात आहेत, तुम्ही दुसरा माणूस पाहा.