स्थळासाठी काढलेला फोटो

माझा फोटो पहिल्यांदा चोरीला गेला तेव्हा मी निम्म्या कोल्हापूरला तो किस्सा ऐकवला होता. सलग तीन दिवस पहाटे उठून पंचगंगेच्या घाटावर जाऊन काढलेला फोटो, आणि तो सापडला कुठे, तर एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, कुणा भावी नगरसेवकाच्या डोक्यामागे. फ्लेक्सवाल्याकडे तणतणत गेलो, तर तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "नेटवर हुता की वं. उचलला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. सांगायचं एवढंच की, न विचारता घेणं म्हणजे चोरी, हे मला तेव्हा चांगलं कळत होतं.

त्या दिवसापासून फेसबुकवर टाकायच्या प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात मी स्टुडिओचं नाव घालायला लागलो. बारीक आणि फिकट. धंद्यातले मित्र सांगायचे, नाव मधोमध टाक, फोटो लहान करून टाक, मोठी फाईल चढवू नकोस. मी त्यांना हसायचो. फोटोच्या छाताडावर नाव ठोकणाऱ्यांना मी फोटोग्राफर समजतच नव्हतो. फोटो कसा स्वच्छ दिसला पाहिजे, लोकांनी मोठा करून डोळ्यातली चमकसुद्धा बघितली पाहिजे, अशी माझी मिजास.

दोनेक वर्षांपूर्वी मुरगूडकडचं एक कुटुंब स्टुडिओत आलं. वडील शेती सांभाळून दूध संस्थेत काम करणारे, आई, आणि बीएस्सी होऊन गावातल्या क्लासमध्ये शिकवणारी मुलगी. स्थळासाठी फोटो हवा होता. आमच्याकडे अशा फोटोंचा साचा ठरलेला आहे: एक उभा, साडीत, आणि एक जवळून. मुलगी आधी अवघडली होती. मग आईने पदर नीट करता करता काहीतरी पुटपुटलं, तिला हसू आलं आणि मी बटण दाबलं. तसा फोटो वर्षातून एखादाच निघतो. वडिलांनी स्क्रीनवर पाहिला आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात सगळं आलं.

आठवड्याने तो मी स्टुडिओच्या पानावर टाकला. नाव नाही, गाव नाही, "आमचं काम" एवढंच लिहिलं. विचारलं नाही. विचारायचं डोक्यातच आलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. आलं होतं. विचारलं तर नको म्हणतील, म्हणून विचारलं नाही. रोलच्या जमान्यात मुलीचे वडील फोटोबरोबर निगेटिव्हही मागून घ्यायचे, आणि मी ती मुकाट्याने पाकिटात घालून द्यायचो. आता कार्ड माझ्याच कॅमेऱ्यात राहतं आणि कुणी मागत नाही. मागितलं नाही म्हणजे ते माझं, असं मी धरून चाललो होतो.

फोटोला भरभरून लाइक आले. चार-पाच महिन्यांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मला वाटलं लग्नाची ऑर्डर. पण ते म्हणाले, "पावणं, उद्या जरा घराकडं याल का? बैठक हाय. तुमी असायला पायजे."

झालं होतं ते असं. मुलीचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चांगल्या नोकरीला. त्याचा एक चुलतभाऊ आजऱ्याकडचा, शेती करणारा, लग्नाचं वय उलटत चाललेला. आपल्याकडे अशा पोरांना मुली मिळत नाहीत आणि मुलगी दाखवतो म्हणून पैसे उकळत त्यांच्या जिवावर जगणारे एजंट मात्र गल्लोगल्ली आहेत. अशाच एका एजंटाने त्याला मोबाइलवर मुलीचा फोटो पाठवला होता. नाव वेगळं, गाव वेगळं, खाली लिहिलेलं: मुलगी अनाथ आहे, लगेच लग्न करायचं आहे. चुलतभावाने तो आनंदाने घरात दाखवला, आणि घरच्यांनी ओळखला. त्यांची होणारी सून होती.

मी आधी माझं पान उघडलं आणि फोटो काढून टाकला. मिनिटही लागलं नाही. मग एजंटाचा नंबर मिळवून फिरवला. तो बंद होता. वडिलांनी मला पाठवलेला एजंटाचा तो फोटो नीट बघितला. त्याने उजवी बाजू दोन बोटं कापली होती. माझं नाव तेवढ्यातच गेलं होतं. बाकी चेहरा जसाच्या तसा, माझ्याच मोठ्या फाइलमुळे अगदी लख्ख.

बैठकीला दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं होती. मुलगी आत, स्वयंपाकघराच्या दाराआड. मुलाचा मामा बोलायला पुढे होता. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.

"ह्यो फोटू तुमीच काढलाय न्हवं?"

"होय. तो माझ्या फेसबुकवरून कुणीतरी चोरलाय. मुलीचा यात काडीचा संबंध नाही."

"बरं. फेसबुकवर कुणी टाकला?"

"मी."

"पोरीला इच्यारून?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. कोपऱ्यातलं कुणीतरी "केसच घालाय पायजे" असं पुटपुटलं. ते एजंटाबद्दल होतं की माझ्याबद्दल, मला आजही सांगता येणार नाही. त्या पट्ट्यातल्या दोन लग्नांच्या ऑर्डरी त्या हंगामात माझ्याकडे होत्या. मला "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द होता. मी म्हणालो, "आम्ही विचारल्याशिवाय टाकत नाही."

मला वाटलं, हे वाक्य तसं गुळमुळीत आहे, कुणालाच लागणार नाही. मामाने सावकाश मान वळवून मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. "म्हंजे पोरीनंच परवानगी दिल्ती. लगीन ठरवायच्या आदी तोंड जगाला दावलंय. आमाला ह्ये सांगाय नको हुतं व्हय?"

दाराआडून आवाज आला, "मला कुणीच न्हाय इच्यारलं."

"तू आत हो," वडील म्हणाले. मोठ्याने नाही. पण मुलीला ते कधी असं बोलले नसावेत, हे आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. ती खरं बोलते, मी खोटं बोललो, एवढंच. मी समोरच्या चहाच्या कपाकडे बघत राहिलो. पाहुणे उठले, चपला घालता घालता "कळवतो" म्हणाले. आपल्याकडे "कळवतो" म्हणजे काय, ते त्या घरात लहान पोरालाही कळलं असतं.

पोलिसात जाऊ या, मी सोबत येतो, असं मी वडिलांना म्हणालो. "आता पेपरात बी याय पायजे व्हय?" एवढंच म्हणून ते गोठ्याकडे गेले.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी मुलगी एकटी स्टुडिओत आली. वाळली होती. खुर्चीवर बसलीच नाही. "काका, माझे सगळे फोटो काढून टाका. माझ्यासमोर." मी फोल्डर काढला. उभे, जवळचे, नापास केलेले, सगळे पुसले. तिने रिसायकल बिन रिकामी करायला लावली. मग हार्ड डिस्क विचारली, मग मोबाइल. क्लासमध्ये शिकवायची तशी एकेक मुद्दा घेत होती. मी निमूट करत गेलो. शेवटी मी म्हणालो, "मी चुकलो. त्या लोकांना जाऊन सांगतो."

"त्यांच्या पोराचं लगीन झालं," ती म्हणाली. "त्यांचं सोडा. आमचे बाबा अजून मलाच इचारतात. कशाला हो म्हणालीस, म्हणून. आईनं शपथ घेतली तरी त्यांचं तेच. फोटोग्राफर कशाला खोटं बोलंल, म्हणतात. त्यांना तेवढं सांगा."

मी लगेच फोन लावला. तिने स्पीकर चालू करायला लावला. मी आडवळण घेतलं नाही. म्हणालो, "मी तुमच्या मुलीला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी घाबरून खोटं बोललो. तिची काही चूक नाही."

पलीकडे म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. मग वडिलांनी विचारलं, "ती तितं हाय का आता? तुमच्या दुकानात?"

"आहे. पण..."

"एकटीच आलीया?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती. खोटं बोलायचं नाही एवढं मी ठरवून बसलो होतो. "होय," मी म्हणालो.

"मग तिनंच सांगाय लावलं असणार तुमास्नी," वडील म्हणाले. "तवा बारा माणसांत खरं बोललासा. आता कशाला पोरीच्या नादी लागताय?"

जन्मात एकदा धडधडीत खरं बोललो होतो, आणि तेही तिच्याच अंगावर गेलं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने हात पुढे करून फोन बंद केला, खांद्यावरची पर्स सारखी केली आणि मुरगूडची गाडी किती वाजता आहे, असं मला विचारलं.